ग्रॅज्युएशननंतर फौजेत ऑफिसर व्हायचंय? मग भरतीचं ग्राउंड विसरा आणि हे वाचा

७ मे २०२५ ला सकाळी ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह टीव्हीवर आल्या, आणि त्या दिवसापासून कितीतरी घरांत एकच विषय निघतोय, आपल्या पोरीला किंवा पोराला असं होता येईल का आणि त्यासाठी करायचं काय. कर्नल कुरेशी बडोद्याच्या, बायोकेमिस्ट्री शिकल्या आणि १९९९ मध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून, म्हणजे ओटीएतून, ऑफिसर झाल्या. विंग कमांडर सिंह इंजिनिअरिंग करून गेल्या. दोघीही कॉलेज पूर्ण करून मग फौजेत गेल्या, आणि नेमका हाच रस्ता आपल्याकडे सगळ्यात कमी लोकांना माहितीये.

साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पिढ्यानपिढ्या तिथली घरं फौजेत आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अशी बरीच गावं सापडतील. पण त्याच गावातल्या बीए, बीकॉम करणाऱ्या मुलाला सीडीएस ही ऑफिसर व्हायची परीक्षा काय असते विचारलं तर बऱ्याचदा त्याने नावच ऐकलेलं नसतं, आणि ऐकतो तेव्हा पंचविशी ओलांडलेली असते. मला हे मनापासून लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी भरती आणि ऑफिसर एन्ट्रीचा घोळ मिटवू

आपल्याकडे भरती म्हटलं की पहाटे उठून सोळाशे मीटर पळणं, छाती फुगवणं, ग्राउंड मारणं हेच डोळ्यासमोर येतं. ती जवानांची भरती, आता २०२२ पासून अग्निवीर, चार वर्षांसाठी, आणि त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. ऑफिसरचा रस्ता तिथून पूर्ण वेगळा आहे. इथे राष्ट्रपतींच्या नावाने अधिकारपत्र मिळतं, त्याला कमिशन म्हणतात, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून लेफ्टनंट असता, हाताखाली तीसेक जवान असू शकतात, त्यातले काही तुमच्या वडिलांच्या वयाचे.

निवडीत पळण्याची स्पर्धा नसते. फिट असावंच लागतं, ट्रेनिंगमध्ये भरपूर पळवतात, पण सिलेक्शनला कुणी घड्याळ लावून पळवत नाही. वर्ष वर्ष फक्त ग्राउंड करणारी मुलं आणि एक ओळ इंग्रजी पेपर न वाचणारी मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते पण चुकीच्या परीक्षेची असते.

दुसरी गोष्ट, बारावीनंतरची एनडीए सुटली म्हणजे ऑफिसर व्हायचं स्वप्न संपलं असं धरून बसू नका. एनडीएचं, म्हणजे खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीचं, दार बारावीचं. ग्रॅज्युएशननंतर बाकीची दारं उघडतात, आणि ती एकापेक्षा जास्त आहेत.

कुठल्या दारातून जाता येतं

सगळ्यात मोठं दार सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस एक्झाम. यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. फी २०० रुपये, मुलींना आणि एससी एसटीला तीही नाही. एका वेळेस साधारण साडेचारशे जागा असतात आणि त्यातून चार ठिकाणी जाता येतं: डेहराडूनची आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी), केरळातल्या एझिमलाची नौदलाची अकॅडमी, हैदराबादजवळच्या डुंडीगलची वायुदलाची अकॅडमी, आणि चेन्नईची ओटीए. आयएमए आणि ओटीएला कुठलीही डिग्री चालते, अगदी कुठलीही, बीए मराठी सुद्धा. नौदलाला इंजिनिअरिंग लागतं, आणि वायुदलाला बारावीला फिजिक्स मॅथ्स असलेला ग्रॅज्युएट किंवा इंजिनिअर. शेवटच्या वर्षाला असलात तरी फॉर्म भरता येतो, फक्त दिलेल्या तारखेच्या आत डिग्रीचा पुरावा द्यावा लागतो.

वायुदलाची स्वतःची परीक्षा एएफकॅट, तीही वर्षातून दोनदा. शंभर प्रश्न, तीनशे मार्क, फ्लाइंगला आणि ग्राउंड ड्युटीला. डिग्रीला साठ टक्के लागतात, तेवढं बघून घ्या.

मग बिनालेखीची दारं. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि डिग्रीला पन्नास टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून थेट मुलाखतीच्या टप्प्याला बोलावतात, लेखी परीक्षा नाहीच. इंजिनिअर लोकांना टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, तिथे डिग्रीच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात आणि वय २७ पर्यंत चालतं. वकिलीवाल्यांसाठी जॅग, म्हणजे फौजेचा कायदा विभाग, तिथे मात्र क्लॅट पीजी या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे मार्क लागतात.

एनसीसीबद्दल एक कळकळीची गोष्ट सांगतो. सी सर्टिफिकेटला कॉलेजची तीन वर्षं लागतात, त्यामुळे एफवायला नाव घातलं नाही तर नंतर घालून फारसा उपयोग होत नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एनसीसीचा कागद लागतो तेव्हा त्याकडे फक्त परेड म्हणून बघू नका.

वय, वय आणि वय

आयएमए आणि नौदलाला १९ ते २४, वायुदलाला सीडीएसमधून २० ते २४ (कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर २६ पर्यंत), ओटीएला १९ ते २५. हे वय परीक्षेच्या दिवशीचं धरत नाहीत, कोर्स ज्या सुमारास सुरू होणार त्या १ जानेवारीचं किंवा १ जुलैचं धरतात, म्हणजे परीक्षा देताना तुम्ही बसताय असं वाटतं पण कोर्सच्या तारखेला बाहेर गेलेले असता. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, अमुक तारखेच्या आधी जन्मलेला नको आणि तमुक तारखेच्या नंतर जन्मलेला नको, तेवढी एक ओळ पेन्सिलने अधोरेखित करा. इथे जातीनुसार वयात सवलत नाही, आरक्षणही नाही. लग्न झालेलं चालत नाही आणि ट्रेनिंगमध्ये करताही येत नाही.

म्हणून मी म्हणतो की एसवायला असतानाच हिशोब मांडा. एकविसाव्या वर्षी डिग्री झाली तर ओटीएसाठी जेमतेम सहा-सात प्रयत्न हातात असतात, आणि "आधी एक वर्ष एमपीएससी बघतो मग हे बघतो" यात त्यातले दोन-तीन निघून जातात.

एक सवलत मात्र आहे, कर्तव्यावर असताना जीव गमावलेल्या जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, त्यानंतर दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी वयाची ती सवलत घेऊन ओटीएचं ट्रेनिंग पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

पेपर तसा झेपणारा आहे

आयएमए, नौदल, वायुदलाला तीन पेपर, इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित, प्रत्येकी शंभर मार्क आणि दोन तास. ओटीएला गणित नाही, फक्त दोन पेपर. गणिताची पातळी दहावीची असते असं यूपीएससी स्वतःच लिहिते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, त्यामुळे ठोकाठोकी नको. सामान्य ज्ञान आणि गणित इंग्रजी-हिंदीत येतं, मराठीत येत नाही.

फॉर्ममध्ये प्रेफरन्सचा रकाना नीट भरा. आयएमए पाहिजे म्हणून फक्त आयएमए लिहिलं आणि ओटीए सोडली तर ओटीएला मार्क पुरत असूनही तुमचा विचार होणार नाही. आणि लेखी पास झाल्यावर बरेच जण जिथे अडकतात ती जागा सांगतो: पहिली पसंती आर्मी असेल तर निकालानंतर दोन आठवड्यांत आर्मीच्या भरतीच्या वेबसाइटवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं. यूपीएससीला भरलेला फॉर्म तिकडे आपोआप जात नाही. पास होऊन कॉल लेटरची वाट बघत बसणारी मुलं याच कारणाने राहतात.

एसएसबी म्हणजे ते पाच दिवस

सगळ्यात जास्त गूढ याच टप्प्याचं आहे. एसएसबी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. आर्मीचे बोर्ड भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, जालंधरला आहेत, नौदल-वायुदलाचे वेगळे. त्या एन्ट्रीला पहिल्यांदाच जात असाल तर येण्याजाण्याचं भाडं सरकार देतं, राहणं-जेवण त्यांचंच. पाच दिवस तुम्ही तिथेच राहता, छातीवर नंबर लावतात आणि तिथे तुमची ओळख त्या चेस्ट नंबरचीच.

पहिल्या दिवशी चाळणी. आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक अंधुक चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे दहा-पंधरा जण एकदम बोलायला लागतात, मुलं त्याला फिश मार्केट म्हणतात. ओरडणारा टिकतो असं वाटतं पण तसं नसतं, ज्याच्या बोलण्याने गोंधळ जरा कमी झाला, ज्याने दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेला, त्याच्याकडे लक्ष जातं. दुपारी नंबर वाचतात आणि बरेच जण, कधी कधी निम्म्याहून जास्त, त्याच दिवशी परत जातात. त्याला स्क्रीन आउट म्हणतात.

राहिलेल्यांची पुढे तीन वेगवेगळी माणसं परीक्षा घेतात. मानसशास्त्रज्ञ तुम्हाला भेटतच नाही, फक्त तुमचं लिखाण वाचतो. इंटरव्ह्यू घेणारा ऑफिसर तुमच्याशी बोलतो. आणि जीटीओ, म्हणजे गटाचे खेळ घेणारा ऑफिसर, तुम्हाला मैदानात काम करताना बघतो. मुलीसाठी स्थळ बघताना शहाण्या घरात काय करतात आठवा, मामा गावात जाऊन चौकशी करतो, आत्या समोर बसून बोलते, काका मुलगा कामावर कसा वागतो ते गुपचूप बघून येतो, आणि रात्री तिघं एकत्र बसतात तेव्हा तिघांनी सांगितलेला माणूस एकच निघाला पाहिजे. एसएसबीचं हेच आहे. काया, वाचा, मने जुळतंय का एवढंच बघतात.

आता लिखाणाचं उदाहरण बघा. साठ प्रसंग देतात, तीस मिनिटं, म्हणजे एका प्रसंगाला अर्धा मिनिट. समजा प्रसंग असा आला (हा मी बनवलेला): तो परीक्षेला निघालाय, वाटेत एका आजीबाईंना गाडीने उडवलंय आणि लोक नुसते उभे आहेत. क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर, त्याने आजींना उचलून दवाखान्यात नेलं, रक्त दिलं आणि धावत येऊन पेपरात पहिला आला. हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस असं काही करणार नाही. साधं उत्तर, १०८ ला फोन केला, दोघांना हाताशी घेऊन आजींना बाजूला सावलीत घेतलं, एकाला थांबवून पेपरला गेला, संध्याकाळी दवाखान्यात चौकशी केली. यात डोकंही दिसतं, माणुसकीही दिसते आणि हे खरंच करता येण्यासारखं आहे. साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदांत एकेक वाक्य आणि बारा चित्रांवर गोष्टी हेही असतं, सगळ्यात एवढ्या घाईत लिहावं लागतं की खोटं रचायला वेळच उरत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय.

मैदानावर फळ्या, बल्ल्या, दोर घेऊन गटाने अडथळे पार करायचे असतात, लाल रंगाच्या भागाला कुणीच हात लावायचा नाही, जड बोजा सोबत न्यायचा. मग स्नेक रेस, सगळ्या गटाने एक लांबलचक साप खांद्यावर घेऊन घोषणा देत पळायचं, हा प्रकार सगळ्यांना आवडतो. एकट्याचे दहा अडथळे असतात, तीन मिनिटं. दहाही जमले नाहीत म्हणून कुणी काढत नाही, पण पडल्यावर उठतोय का, दुसऱ्याची फळी धरतोय का, हे सगळं लिहिलं जातं.

इंटरव्ह्यूच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, पीआयक्यू, त्यात घर, शिक्षण, मार्क, छंद, खेळ, जबाबदाऱ्या. सगळे प्रश्न त्यातूनच निघतात. छंद ट्रेकिंग लिहिलात तर कळसूबाईची उंची (१६४६ मीटर), कुठल्या वाटेने चढलात, सोबत काय नेलं, एकाचा पाय मुरगळला असता तर काय केलं असतं, हे येणारच. आणि मी तर म्हणतो शेती करत असाल तर तेच लिहा. कांद्याची लागण कधी, एकरी खर्च किती, गेल्या वेळी भाव पडला तेव्हा घरात काय ठरवलं, यावर ज्याला पाच मिनिटं मुद्देसूद बोलता येतं त्याच्याकडे जबाबदारीचा पुरावा आहे, आणि तो शहरातल्या मुलाकडे नसतो.

"आमच्या बॅचमधून एकही घेतला नाही, मग हे सेटिंग असेल"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स होते, सगळे अधिकारी युनिफॉर्ममध्ये एका खोलीत, तुम्ही आत जाता, दोन-चार मिनिटं बोलणं, कसं वाटलं, जेवण कसं होतं, आणि बाहेर. मग नंबर वाचतात. कधी चार जण रेकमेंड होतात, कधी एक, कधी कुणीच नाही.

याचं कारण असं की त्या बॅचला जागा वाटून दिलेल्या नसतात. तिथे एक ठराविक मापदंड आहे, पंधरा गुण आहेत ज्यांना ऑफिसर लाइक क्वालिटीज म्हणतात, आणि प्रत्येकाला त्या मापाला लावून बघतात. शेजारचा पास झाला म्हणून तुम्ही नापास होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की मैदानावरचं वागणं आपोआप बदलतं, गटातला मुलगा प्रतिस्पर्धी वाटायचा थांबतो आणि त्याला मदत करणं तुमच्याच फायद्याचं ठरतं. खरी स्पर्धा नंतर आहे, मेरिट लिस्टला. तिथे सीडीएसच्या लेखीचे आणि एसएसबीचे मार्क एकत्र करतात, आयएमएला ३०० अधिक ३००, ओटीएला २०० अधिक २००, आणि जागा आहेत तेवढेच आत जातात. म्हणून एसएसबी पास होऊनही राहणारे असतात.

एसएसबीला कितीदा जायचं याला बंधन नाही, वय आहे तोवर जाता येतं. फक्त पायलटची संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, ती पुरेसा आराम न करता, झोप न घेता देऊ नका.

वशिल्याचं म्हणाल तर, तीन माणसं वेगवेगळी बघतात, नाव बाजूला ठेवून चेस्ट नंबर वापरतात, तिथे कुणाला सांगायला जागा नाही. पैसे घेऊन काम करतो म्हणणारा भेटला तर त्याला पोलिसांत द्या, अशा लोकांनी गावोगावची घरं बुडवलीत.

इंग्रजी, चष्मा आणि मुली

इंग्रजी अस्खलित लागतं हा अर्धा गैरसमज आहे. लेखीत इंग्रजीचा पेपर आहेच आणि तो पास व्हावाच लागतो. पण एसएसबीत साध्या वाक्यांत मुद्दा सांगता आला तर पुरतं, अडलं तिथे हिंदीचा शब्द आला म्हणून कुणी बाहेर काढत नाही. घाबरून गप्प बसणारा मात्र राहतो. रोज दहा मिनिटं मोठ्याने बोलायची सवय लावा, घरी आरशासमोर नाही, मित्रांसमोर.

मेडिकल मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतं, चारेक दिवस. आर्मीला मुलांची उंची साधारण १५७.५ सेंटिमीटर लागते, पायलटला १६२.५. चष्मा असला म्हणून संपलं असं नाही, नंबरला मर्यादा आहे आणि पायलटला ती फार कडक. गुडघे आपटणं, सपाट पाय, दात, कान, रंग ओळखणं हे सगळं बघतात. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, किंवा पंजाच्या मागे चालतो, बाकी ठिकाणी नाही, त्यामुळे दंडावर काढायच्या आधी थांबा. टेम्पररी रिजेक्ट झालात तर साधारण ४२ दिवसांत उपचार करून अपील करता येतं, कितीतरी जण तिथून फिट होऊन येतात.

मुलींना सीडीएसमधून सध्या ओटीएचा रस्ता आहे आणि जागा फार थोड्या, वीसच्या आसपास. हे मला अजिबात पुरेसं वाटत नाही, पण एएफकॅट, एनसीसी, शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, जॅग हे सगळे मुलींनाही खुले आहेत, म्हणून एकाच फॉर्मवर थांबू नका.

दहा वर्षांनी काय, हा आईवडिलांचा प्रश्न

प्रश्न रास्त आहे. आयएमएतून परमनंट कमिशन मिळतं, निवृत्तीपर्यंत नोकरी. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस, दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात, आणि दहाव्या वर्षी परमनंटसाठी विचार होतो. महिलांनाही तो हक्क सुप्रीम कोर्टाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने मिळाला. बाहेर पडलात तर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते, आणि हे घरी आधीच स्पष्ट सांगा.

पण हिशोबाची दुसरी बाजूही मांडा. ट्रेनिंगमध्येच महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड, लेफ्टनंट झाल्यावर तेवढाच मूळ पगार, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. ओटीएचं ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं, आयएमएचं दीड वर्ष. पस्तिशीच्या आत बाहेर पडणाऱ्या माणसाकडे शंभर जणांना सांभाळल्याचा अनुभव असतो, आणि आयआयएममध्ये संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन विभागामार्फत खास अशा अधिकाऱ्यांसाठी कोर्स चालतात.

क्लास लावायचा का

लेखीला पैसे घालायची फार गरज नाही, यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत. एसएसबीच्या महागड्या क्लासने पाठ केलेली उत्तरं डोक्यात बसतात आणि तीच नडतात, हे माझं ठाम मत आहे. आपल्या राज्याची सोय मात्र जरूर घ्या. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, सैनिक कल्याण विभागाचं, तिथे महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी मोफत करून देतात, राहणं-जेवण मोफत. सीडीएस पास होऊन एसएसबीचं कॉल लेटर आलेलं असावं, किंवा एनसीसीचं सी सर्टिफिकेट, किंवा टेक्निकल एन्ट्रीचं कॉल लेटर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते, तिथून नाव जातं. जाताना कॉल लेटरची प्रिंट आणि मार्कशीटचे झेरॉक्स दोन-दोन घ्या. आणि एसएसबीला निघताना ओरिजिनल मार्कशीट, फोटो, शेवटच्या वर्षाला असाल तर प्रिन्सिपलचं पत्र, आणि आईवडिलांच्या सहीचं रिस्क सर्टिफिकेट बॅगेत टाकलंय का ते बघा. हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त घरी राहतो.